ओरिजिनलच्या भावात डुप्लिकेट सॉनिक गळ्यात मारला, जुनं कार्ट (गेमची कॅसेट) घेणार असाल तर वाचा

लहानपणी आपण सगळ्यांनीच त्या "९९९९ इन १" वाल्या कॅसेटी घेतल्यात. त्या डुप्लिकेट आहेत हे दुकानदारालाही माहीत, आपल्यालाही माहीत, किंमतही तशीच, त्यामुळे तिथे फसवलं वगैरे कधी वाटलंच नाही. माझ्या बाबतीत झालं ते वेगळं.

मित्राकडून जुना गेमबॉय ॲडव्हान्स एसपी, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं मशीन, मिळाला आणि डोक्यात एकच, सॉनिक ॲडव्हान्स पाहिजे. २००१ चा गेम. सॉनिकवाल्या सेगा कंपनीने स्वतःची गेमची मशीन बनवणं सोडलं आणि इतकी वर्षं ज्यांच्याशी उभा दावा त्या निन्टेन्डोच्याच हँडहेल्डवर सॉनिक आणला, तेव्हाचा. एवढ्याशा स्क्रीनवर तो निळा गडी असा सुसाट सुटतो की पुढचा खड्डा दिसेपर्यंत आपण त्यात पडलेलो असतो.

ऑनलाइन एकाने "१००% ओरिजिनल, यूएस कॉपी" म्हणून २८०० सांगितले, घासाघीस करून २५०० ला ठरलं. फोटो एकदम चकाचक. पैसे यूपीआयने आधीच पाठवले, इथेच माती खाल्ली.

कार्ट आलं, लावलं, चाललं. निओ ग्रीन हिल, सीक्रेट बेस, कॅसिनो पॅराडाइज, एकेक लेव्हल झकास. स्पेशल स्टेजला नेणारे लपवलेले स्प्रिंग शोधून शोधून सातपैकी चार कॅओस एमराल्ड (गेममधली रत्नं) जमवले, अंगठे सुजायचे बाकी होते. आणि दोनेक महिन्यांनी एक दिवस चालू केलं तर सगळं पुसलेलं! वाटलं आपणच काहीतरी घोळ घातला असणार, म्हणून पुन्हा पहिल्यापासून खेळलो, बंद केलं, परत गायब.

मग स्क्रू काढून उघडलं. आत एक बटण सेल, तोही मेलेला, आणि बोर्डावर काळ्या गोंदाचा ठिपका. ह्या गेमच्या खऱ्या कार्टला सेव्हसाठी सेल लागतच नाही ओ, चिपवरच राहतं सगळं. नकलेत सेल आहे तोवर सेव्ह, सेल संपला की पाटी कोरी.

त्यानंतर वाचत बसलो, हे आधी करायला पाहिजे होतं. खालून पिनांच्या बाजूने आत बघितलं की खऱ्या बोर्डावर सोनेरी पट्ट्यांच्या वर निन्टेन्डो असं छापलेलं दिसतं, माझ्यात काहीच नव्हतं. पुढच्या लेबलवर बहुतेक ओरिजिनलना दोन आकडी नंबर दाबून उमटवलेला असतो, शाईने नाही, प्रकाशात तिरपं धरलं की दिसतो. तीन पात्यांच्या स्क्रूवर मात्र जाऊ नका, नकलेलाही तोच मारतात. आणि विकणाऱ्याने टाकलेला फोटो इंटरनेटवरून उचललेला होता, त्यात तो दाबलेला नंबर चक्क होता, माझ्या हातातल्यावर नाही. म्हणून कागदावर आपलं नाव आणि आजची तारीख लिहून त्याच्या शेजारी ठेवलेल्या कार्टचा फोटो मागा, पिनांचा वेगळा मागा. आढेवेढे घेतले की सोडून द्या.

त्याला मेसेज केला तर म्हणे, "दादा दोन महिने चाललं ना, मग काय प्रॉब्लेम?" मी म्हटलं चालण्याचा प्रश्न नाही, तू ओरिजिनलचे पैसे घेतलेस. त्यावर "सेल बदलून घ्या, पन्नास रुपयाचं काम आहे" आणि ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवलीये, पण पैसे जाऊन दोन महिने उलटल्यावर, त्यामुळे फार आशा नाही. परवा दुसऱ्या नावाने तोच फोटो दिसला, आता भाव ३२००.

कार्ट सध्या भाच्याकडे आहे. त्याला सांगितलं की बंद केलं की सगळं पुसतं, तर म्हणे मग बंदच करायचं नाही ना मामा. तीन दिवस झाले एसपी चार्जरला लावून चालूच ठेवलाय पठ्ठ्याने, आइस माउंटनपर्यंत पोचलाय.