तीन डिस्क आणि फ्रीफाइलसिंक: आठ महिन्यांनंतर

बाबांनी भरून ठेवलेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरत्यांच्या कॅसेटी मी संगणकावर उतरवल्या. घुमट म्हणजे आमचं कातडं लावलेलं मातीचं वाद्य. त्यात घोरपडीच्या कातड्याची घुमटं वाजतात. आता बकरीचं कातडं लावतात, तो नाद वेगळा. शिवाय उत्सवातल्या नाटकांचे व्हिडिओ. सगळं मिळून दीड टीबीच्या आसपास.

त्यासाठी नोव्हेंबरात २ टीबीच्या तीन पोर्टेबल हार्ड डिस्क घेतल्या. एक गोव्यात फोंड्याला माझ्या घरी टेबलावर, दुसरी कपाटात, तिसरी साखळी गावात ताईकडे. महिन्याला अदलाबदल. प्रती करायला फ्रीफाइलसिंक हे सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट मिळतं. पहिली प्रत व्हायला रात्र गेली, आता दहा मिनिटं पुरतात.

अनेक डिस्क असल्या की विंडोज ड्राइव्हचं अक्षर बदलतं. काल ई होती ती आज एफ. फ्रीफाइलसिंकमध्ये अक्षराऐवजी चौकटी कंसात डिस्कचं नाव देता येतं, त्यामुळे चुकीच्या डिस्कवर कधीच काही गेलं नाही. मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते.

जूनमध्ये मात्र काळजाचा ठोका चुकला. आवराआवर करताना कॅसेटींचा अख्खा फोल्डर माझ्याच हातून उडाला. मी ‘मिरर’ निवडलं होतं, म्हणजे मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही जातं. घरातल्या दोन्ही डिस्कवरून तो गेला आणि मला पंधरा दिवसांनी कळलं. पावसामुळे साखळीची फेरी राहिली होती, म्हणून आरत्या वाचल्या. त्या दिवसापासून व्हर्जनिंग चालू आहे: पुसलेली किंवा बदललेली फाइल तारीखवेळेसह वेगळ्या फोल्डरात जाते. आणि ‘तुलना’ केल्यावर किती फाइल पुसल्या जाणार तो आकडा वाचल्याशिवाय मी पुढचं बटण दाबत नाही. तुम्हीही दाबू नका.

एरवी तुलना तारीख आणि आकारावरून होते. सहा महिन्यांनी एकदा मी ती फाइलच्या मजकुरावरून करतो. प्रत्येक फाइल दोन्हीकडून पूर्ण वाचली जाते, तास न् तास लागतात, पण आतून खराब झालेली फाइल अशानेच सापडते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात डिस्क उघड्यावर ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या. कॉपी संपल्यावर डिस्क गरम असते, ती निवल्यावरच डब्यात ठेवतो.

पूर्ण विंडोज परत उभं करायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागेल. हे फक्त फाइल सांभाळतं. पण प्रती साध्या फाइल म्हणूनच राहतात, उघडायला काहीच लागत नाही. ताई तिच्याकडची डिस्क लॅपटॉपला लावते आणि बाबांच्या आरत्या ऐकते. कुठली अडखळली तर लगेच फोन करते.