फ्लाइट मोड लावल्यावर काय उरतं? क्रूझसाठीच्या अ‍ॅपची तुलना

क्रूझचं बुकिंग झालं की फोनमध्ये अ‍ॅपची भरती सुरू होते. माझ्या नणंदेने चौदा गोळा केली होती. जहाजाने सिंगापूरचा धक्का सोडला, सगळ्यांनी फ्लाइट मोड लावला आणि त्यातली नऊ जागच्या जागी गार पडली. उरलेल्या पाचांत एक कॅलक्युलेटर होता.

म्हणून इथे कुणाला किती स्टार आहेत हे बघत बसले नाही. चाळणी एकच लावली आहे: फ्लाइट मोडवर अ‍ॅप चालतं का? आणि चालत नसेल, तर किनाऱ्यावरच्या चार-सहा तासांत ते इतकं कामाचं आहे का की त्यासाठी डेटा विकत घ्यावा? उदाहरण घेतलंय ते सिंगापूरहून मलेशियातल्या पेनांग आणि थायलंडमधल्या फुकेतला जाऊन परत येणाऱ्या चार-पाच रात्रींच्या सफरीचं, कारण पहिली परदेशी क्रूझ म्हणून आपल्याकडचे बरेच जण हीच घेतात. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणार असाल, तर जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

आधी फ्लाइट मोड कशासाठी, ते. भर समुद्रात आपल्या कंपनीचा टॉवर नसतो, पण जहाजाचा स्वतःचा छोटा टॉवर असतो आणि तो उपग्रहाला जोडलेला असतो. आपला फोन सवयीने त्याला जाऊन चिकटतो. साधा रोमिंग पॅक तिथे बहुधा चालत नाही आणि बिल उपग्रहाच्या दराने येतं. तेव्हा फ्लाइट मोड लावायचा आणि मग नुसतं वायफाय सुरू करायचं. जहाजाच्या वायफायला दोन मजले आहेत असं समजा. तळमजल्यावर बहुतेक मोठ्या जहाजांवर फुकट प्रवेश असतो, तिथे जहाजाचं स्वतःचं अ‍ॅप चालतं. वरच्या मजल्यावर, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवर जायचं तर पॅकेज घ्यावं लागतं.

जहाजाचं अ‍ॅप

इथे निवड तशी नसतेच. ज्या कंपनीचं जहाज, तिचं अ‍ॅप. पण दोन जहाजांमध्ये मन घोटाळत असेल तर ही अ‍ॅप शेजारी-शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

रॉयल कॅरिबियनचं अ‍ॅप अष्टपैलू आहे. घरी बसून पासपोर्ट स्कॅन करायचा, फोटो काढायचा आणि धक्क्यावर किती वाजता पोचणार ती वेळ निवडायची. चेक-इन सुरू झाल्या झाल्या केलं तर दुपारआधीची वेळ मिळू शकते, म्हणजे जहाजावरचं पहिलं जेवण आणि अर्धा दिवस पदरात पडतो. आळस केला की दुपार टळल्यानंतरची वेळ. जहाजावर चढल्यावर आजचे कार्यक्रम, डेकचा नकाशा, आतापर्यंत किती डॉलर उडवले, हे सगळं त्यातच. सुरक्षेच्या कवायतीचा निम्मा भागही अ‍ॅपमध्येच उरकतो: आधी माहिती बघायची, मग आपल्या जमण्याच्या जागी जाऊन हजेरी द्यायची. ही कवायत कंटाळवाणी वाटते खरी. पण जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. आधीच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते.

डिस्नेचं नॅव्हिगेटर लहान मुलं बरोबर असणाऱ्यांसाठी. कुठलं पात्र किती वाजता कुठे भेटणार हे त्यात कळतं आणि जहाजावरच्या आपल्या माणसांशी चॅट फुकट असतं. कार्निव्हलचं हब साधंसरळ आहे, पण चॅटला थोडे पैसे पडतात.

खरं वेगळं आहे ते प्रिन्सेसचं. ते एकटं अ‍ॅप नाही, त्याच्या जोडीला नाण्याएवढी मेडॅलियन नावाची चकती असते. ती गळ्यात किंवा मनगटावर घालायची. खोलीजवळ गेलं की कुलूप उघडतं, आणि आपल्या घरची माणसं जहाजावर कुठे आहेत हे अ‍ॅपमध्ये दिसतं. अमेरिकेत मुलीकडे गेलेल्या आईबाबांना अलास्काची क्रूझ घडवायचा बेत पुष्कळ घरांत असतो, त्या मार्गावर प्रिन्सेसची बरीच जहाजं आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आईला दिशा कळत नाहीत आणि दोघंही फोन खोलीत विसरतात, अशा घराला ही चकती सोन्याहून पिवळी. एरवी नुसत्या अ‍ॅपपायी जहाज बदलू नका.

बाहेरची अ‍ॅप आणि साइट, म्हणजे क्रूझमॅपर किंवा क्रूझ क्रिटिक, ही घरी सोफ्यावर बसून वापरायची. क्रूझमॅपरवर कुठल्या तारखेला कुठल्या बंदरात किती जहाजं आहेत ते दिसतं. पेनांगला त्याच दिवशी दुसरं मोठं जहाज लागत असेल तर सकाळी लवकर उतरा, एवढं शहाणपण त्यातून मिळतं. क्रूझ क्रिटिकवर खोल्यांबद्दलच्या तक्रारी वाचाव्यात: वर नाचघर आहे का, इंजिनाचा आवाज येतो का. मात्र लिहिणारे बरेचसे अमेरिकन. जैन जेवण सांगितलं तर काय मिळतं किंवा चहा कसा असतो, याचं उत्तर तिथे शोधू नका.

कागदपत्रं: छोटं पण जीवघेणं

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड मायआयसीए या सरकारी अ‍ॅपवर फुकट भरता येतं. पैसे मागणाऱ्या साइट दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हे कार्ड पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचं असतं, आणि जहाजाने परत सिंगापुरात उतरता तेव्हा तो नवा प्रवेश धरला जातो. म्हणजे चार रात्रींच्या सफरीत दुसरं कार्ड घरून निघतानाच भरून ठेवता येत नाही. ते वाटेत भरावं लागतं, पेनांगच्या किंवा फुकेतच्या किनाऱ्यावर डेटा असताना. व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते निघण्यापूर्वीच बघा.

शिवाय बँकेचा ओटीपी. फ्लाइट मोडवर एसएमएस येत नाही. ज्या अ‍ॅपला कार्ड जोडायचंय किंवा नंबर पडताळायचाय ते घरीच करून टाका.

व्हॉट्सअ‍ॅप की जहाजाचं चॅट?

दोन्ही एकाच कामाची वाटतात, पण तसं नाही. ‘तू कुठल्या डेकवर आहेस’ यासाठी जहाजाचं चॅट पुरतं. ‘आजी, बघ सूर्यास्त’ यासाठी पॅकेजच हवं. सहा जणांनी सहा पॅकेज घ्यायची मात्र गरज नाही. बऱ्याच जहाजांवर एका उपकरणाचं पॅकेज घेऊन एकाने लॉगआउट केलं की दुसऱ्याला लॉगइन करता येतं. आमच्यात रात्री जेवणानंतर पाळी लागायची, जुन्या काळच्या एसटीडी बूथसारखी. पॅकेज जहाजावर चढण्याआधी अ‍ॅपमधून घेतलं तर अनेकदा स्वस्त पडतं.

किशोरवयीन मुलं आणि चॅट यावर मला एकच म्हणायचंय: त्यांना ते सापडतं, मग तुम्हाला ती सापडत नाहीत. जेवणाची जागा आणि वेळ तोंडी ठरवा.

मरीनट्रॅफिक की विंडी?

कुठलं जहाज कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं मरीनट्रॅफिक तुमच्यासाठी नाही, घरी राहिलेल्यांसाठी आहे. प्रत्येक प्रवासी जहाजाला आपली ओळख आणि जागा रेडिओवर सतत कळवणारं यंत्र ठेवावं लागतं. किनाऱ्यावरची केंद्रं ते संदेश टिपतात आणि नकाशावर बाण हलताना दिसतो. प्रवासी जहाजं निळी, मालवाहू हिरवी, टँकर लाल. मलाक्काच्या सामुद्रधुनीत तर हिरव्या-लाल बाणांची मुंग्यांसारखी रांग असते. माझ्या सासूबाई सांगलीत बसून आमचा निळा बाण बघायच्या आणि शेजाऱ्यांना दाखवायच्या. फक्त एक गोष्ट घरी आधीच सांगून ठेवा. फुकटच्या आवृत्तीत जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की बाण गायब होतो किंवा जुन्याच जागी थबकतो. मलाक्कात हे फारसं जाणवत नाही, कारण दोन्हीकडे जमीन जवळ. मुंबईहून लक्षद्वीपला जाताना मात्र हमखास होतं, आणि मग घरी देव पाण्यात ठेवले जातात.

विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर वाऱ्यासोबत लाटांची उंचीही बघता येते आणि दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं तेही. उंची तेवढीच असून अंतर जास्त असेल तर जहाज सावकाश झुलतं. कमी अंतराच्या लाटांनी धक्के जाणवतात. सिंगापूरच्या मार्गाला सुमात्रा बेटाचा आडोसा आहे, तिथे विंडी नसलं तरी चालेल. अरबी समुद्रात जाणार असाल आणि मे अखेर किंवा पावसाळा नुकताच सरल्याची तारीख असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी जरूर बघा आणि उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा. जहाजावर गेल्यावर विंडी उघडू नका. लाट आली की कळेलच.

किनाऱ्यावर उतरल्यावर

इथे तुलना चुरशीची आहे. गूगल मॅप्सचा नकाशा ऑफलाइन उतरवता येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ऑफलाइन असताना ते गाडीचा रस्ता सांगतं, पायी चालण्याचा नाही. आणि पेनांगला तर पायीच फिरायचंय! जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि बाहेर पडलं की समोर जॉर्जटाउनचं जुनं गाव. २००८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. लिटल इंडिया आणि तिथलं १८३३ सालचं महामारिअम्मन मंदिर सहज चालत जाण्याच्या अंतरावर.

ऑरगॅनिक मॅप्स इथे बाजी मारतं. ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशांवर चालतं, फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि नेट नसतानाही पायी रस्ता दाखवतं. जीपीएस फ्लाइट मोडवरही काम करत असल्यामुळे निळा ठिपका बरोबर सरकतो. उणीव एवढीच की दुकानं-हॉटेलांची माहिती गूगलइतकी भरगच्च नसते आणि उघडण्याच्या वेळा विश्वासाच्या नसतात. मी दोन्ही ठेवते. घरी असताना गूगलवर शोधायचं आणि आवडलेल्या जागांच्या खुणा ऑरगॅनिक मॅप्समध्ये करून ठेवायच्या.

शाकाहारी जेवणासाठी हॅपीकाउ हे १९९९ पासूनचं नाव आहे. तेही असंच घरून बघावं. पेनांगच्या लिटल इंडियात डोसा-इडलीची चिंता नाही. फुकेतला ‘जे’ हा थाई शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. जे म्हणजे मांस, अंडं, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांना याहून काय हवं! कोथिंबिरीच्या मुळाची चव तेवढी सवयीची व्हावी लागते.

गाडीसाठी ग्रॅब. सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिन्हीकडे हेच एक अ‍ॅप चालतं. उबरने आग्नेय आशियातला आपला धंदा २०१८ मध्ये ग्रॅबलाच विकला, तेव्हा फोनमधलं उबर तिथे शोभेपुरतं. ग्रॅबला नेट लागतं, म्हणून एका फोनमध्ये तिन्ही देशांचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम) घ्यावं आणि तो फोन घोळक्यातल्या सर्वांत जबाबदार माणसाकडे द्यावा. आमच्याकडे तो पंधरा वर्षांच्या भाचीकडे होता. सिंगापुरात ग्रॅब बोलावताना मात्र कुठल्या टर्मिनलला जायचंय ते तिकिटावर वाचा. मरीना बे क्रूझ सेंटर वेगळं आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर वेगळं.

आणि फोनमधलं घड्याळ

हे कुणी अ‍ॅपमध्ये धरत नाही. सिंगापूर आणि पेनांगची वेळ एकच, पण फुकेत एक तास मागे. सिंगापूरहून आलेलं जहाज पुष्कळदा सिंगापूरचीच वेळ पाळतं. त्या दिवशी काय ठरलंय ते घोषणेत आणि रोजच्या पत्रकात सांगतात. फोन फ्लाइट मोडवर असेपर्यंत जहाजाच्या वेळेवर असतो. किनाऱ्यावर डेटा सुरू केला की तो गुपचूप थाई वेळ लावून घेतो. उतरण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वेळ बदलणं बंद करा, नाहीतर सरळ मनगटी घड्याळ घाला.

फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला मोठी जहाजं लांब नांगर टाकतात आणि छोट्या होड्यांनी प्रवाशांची ने-आण होते. आम्ही शेवटून दुसऱ्या होडीत बसलो होतो. वाळूतून एक जोडपं हातात चपला आणि शहाळं घेऊन रमतगमत येत होतं. होडीवरचा माणूस हात हलवून ओरडत होता, आणि नवरा आपला फोन उंच धरून त्याला दाखवत होता, की अजून तास आहे!