‘नेक्स्ट जनरेशन’ सीझन ४ ब्लू-रे : पोराच्या ताब्यावरून दोन जहाजं समोरासमोर

सहा डिस्क, २६ भाग, प्रत्येक भाग साधारण पाऊण तासाचा. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा चौथा सीझन १९९०–९१मधला, आणि हा ब्लू-रे संच २०१३च्या जुलैमध्ये आला. बहुतेक लोक तो घेतात ते माणसांना यंत्रात बदलणाऱ्या बोर्ग या शत्रूच्या गोष्टीचा उत्तरार्ध हवा म्हणून. तो पहिल्याच डिस्कवर आहे आणि छान आहे, पण संच घ्यायचं कारण तेवढंच नाही. हा सगळा सीझन घरच्या माणसांचा आहे. दुसऱ्या भागात एंटरप्राइझ या अंतराळजहाजाचा कॅप्टन पिकार्ड फ्रान्सला भावाकडे जातो. तिसऱ्यात डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याला त्याचा बाप आणि भाऊ एकाच खोलीत भेटतात. सहाव्यात मेलेल्या सहकारणीची बहीण उगवते, सातव्यात वर्फ या क्लिंगॉन, म्हणजे परग्रहवासी, अधिकाऱ्याला आपल्याला मुलगा असल्याचं कळतं. या सगळ्यांच्या मध्ये चौथा भाग बसलाय, ‘सडनली ह्यूमन’. परग्रहवासीयांनी वाढवलेलं माणसाचं पोर, आणि त्याच्यावरून दोन जहाजं एकमेकांवर शस्त्रं रोखून उभी.

हा भाग सीझनमधला सर्वोत्तम मुळीच नाही. तरी संच कसा झालाय हे तपासायला आम्ही तोच निवडू. यात अंतराळातली लढाई जवळजवळ नाही. जे आहे ते चेहऱ्यांवर, आणि नव्या चित्राचा खरा फायदा चेहऱ्यांनाच झालाय. (पुढे भागाचा शेवटही येईल. पाहिला नसेल तर तीन परिच्छेद सोडून ‘चित्र’पासून वाचा.)

गोष्ट अशी. अपघात झालेल्या, टॅलेरियन या परग्रही जमातीच्या जहाजावरून एंटरप्राइझ पाच पोरांना उचलून आणतं, आणि त्यातलं एक माणसाचं निघतं. नाव जोनो, वय १४. जन्माचं नाव जेरेमाया रोसा. दहा वर्षांपूर्वी गॅलन ४ या वसाहतीवर टॅलेरियनांनी हल्ला केला, त्यात आईबाप गेले. हल्ल्यानंतर टॅलेरियन कॅप्टन एंडार याला हे पोर सापडलं. त्याचा स्वतःचा मुलगा माणसांशी झालेल्या लढाईत मेलेला. मारलेल्या शत्रूचं पोर आपलं म्हणून घ्यायचं, असा टॅलेरियन रिवाज, म्हणून त्याने घेतलं आणि वाढवलं. इकडे पोराची आजी स्टारफ्लीट या माणसांच्या अंतराळ ताफ्यात ॲडमिरल आहे आणि तिला नातू हवाय. एंडार आपलं जहाज घेऊन दारात उभा राहतो. टॅलेरियन जहाजाची शस्त्रं एंटरप्राइझपुढे किरकोळ आहेत, आणि हे दोन्ही कॅप्टनना ठाऊक आहे. पेच त्यामुळेच घट्ट होतो. हरणार हे माहीत असून जो मागे हटत नाही, त्याच्यावर तोफा कशा चालवायच्या? शर्मन हॉवर्ड या नटाने एंडार अजिबात न ओरडता केलाय. तो खलनायक नाही, बाप आहे, हे पटकथेच्या आधी त्याच्या उभं राहण्यातून कळतं.

लेखनात मात्र दोन मोठी भोकं आहेत. पहिलं भोक जहाजावरच्या डॉ. क्रशरच्या तपासणीचं. जोनोच्या अंगावर जुनी मोडलेली हाडं सापडतात आणि मारहाणीचा संशय येतो. एंडार सांगतो, एक इजा जनावरावर बसताना झाली, दुसरी स्पर्धेत. झालं, विषय संपला. पोराला एकट्याला गाठून कोणी सरळ विचारत नाही, बाकी पोरांची हाडं कशी आहेत तेही कोणी पाहत नाही. ताब्याच्या वादात सगळ्यात आधी निकालात काढायचा मुद्दा असा वाटेत टाकून दिलाय. दुसरं भोक वर्फचं. दोनच भाग आधी, ‘फॅमिली’मध्ये, वर्फला वाढवणारे मानवी आईबाप जहाजावर येऊन गेलेत. क्लिंगॉन अनाथ पोर माणसांच्या घरात वाढतं, हीच जोनोची गोष्ट उलटी करून. जहाजावर त्या मुलाशी बोलण्याचा अधिकार कोणाला असेल तर वर्फला. त्याला ते संभाषणच दिलेलं नाही. समुपदेशक ट्रॉय पोराला देते पिकार्डच्या ताब्यात, ज्याला लहान पोरं जवळ आली की अवघडायला होतं. त्यातून पॅट्रिक स्टुअर्टला गमतीचे प्रसंग मिळतात हे खरं, पण हातातला पत्ता न खेळता टाकला हेही खरंच.

शेवटाकडे येताना मुलाचं मत अखेर ऐकलं जातं, तेही त्याने झोपलेल्या पिकार्डच्या छातीत सुरी मारल्यावर. आपल्याकडच्या १८९०च्या पालक व पाल्य कायद्यातसुद्धा कलम १७ सांगतं की समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं. चोविसाव्या शतकातल्या जहाजावर पोराला ते सुचवायला सुरी उचलावी लागते! तरीही हा प्रसंग चालतो. सुरी छातीच्या हाडावरून घसरते, आणि पिकार्डला कळतं की पोराला त्याला मारायचं नव्हतं, स्वतःला शिक्षा करून घ्यायची होती. माणसांत रमायला लागलो म्हणजे बापाशी बेइमानी केली, हे त्या वयाचं गणित लेखकांनी बरोबर पकडलंय. दिग्दर्शन गॅब्रिएल बोमाँट यांचं, ‘नेक्स्ट जनरेशन’चा भाग दिग्दर्शित करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. टॅलेरियन मुलगा परक्यांना उघड्या हाताने शिवत नाही, म्हणून जोनो सारा वेळ हातमोजे घालून. निरोपाला तो मोजे काढून पिकार्डच्या डोक्याला हात लावतो आणि कपाळ टेकवतो. हा हावभाव आधी त्याच्या बापाबरोबर दाखवून ठेवलाय, म्हणून इथे कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आता चित्र. मालिका ३५ मिमी फिल्मवर शूट झाली, पण संकलन आणि इफेक्ट त्या काळच्या व्हिडिओ टेपवर झाले. त्यामुळे २००२च्या सात डीव्हीडींच्या संचात जे धूसर, रंग सांडलेलं चित्र दिसतं तो डीव्हीडीचा दोष नव्हे, मूळ मास्टरच तेवढा होता. ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह बाहेर काढून स्कॅन केल्या, जुना भाग समोर ठेवून शॉटमागून शॉट परत जोडला आणि जहाजांच्या मॉडेलचे फिल्मवरचे तुकडे नव्याने एकत्र बसवले. फेझर या शस्त्राचा किरण, माणसं क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या ट्रान्सपोर्टरची चमक अशा फक्त व्हिडिओवर असलेल्या गोष्टी नव्याने केल्या. चौथा सीझन मॉडर्न व्हिडिओफिल्म या संस्थेने केला. बाहेर दिलेल्या कामात दुसऱ्या सीझनचं काम कमअस्सल झालं होतं, तसं इथे नाही. रंग स्थिर आहेत, काळा रंग काळाच आहे.

‘सडनली ह्यूमन’मध्ये याचा उपयोग कुठे, तर पडद्यावरून होणाऱ्या वाटाघाटीत. डीव्हीडीवर एंडार म्हणजे तपकिरी मेकअपमधला एक ठोकळा. इथे त्या मेकअपच्या आत नटाचे डोळे हलताना दिसतात, पिकार्ड नकार देतो तेव्हा त्याचा जबडा आवळलेला दिसतो. किंमतही मोजावी लागते. डोक्यावरच्या फुगीर रबराची कड कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते, तेही दिसतं. आम्हाला हा सौदा मान्य आहे. टेन-फॉरवर्ड या जहाजावरच्या उपाहारगृहातला आइस्क्रीमचा प्रसंग, ज्यात जोनो चमच्यावर हात मारतो आणि सगळा गोळा डॉ. क्रशरच्या मुलाच्या, वेस्लीच्या, तोंडावर, तोही आता नीट वाचता येतो. हसायचं की नाही हे ठरेपर्यंत पोराच्या चेहऱ्यावर जे क्षणभर थांबतं, ते जुन्या प्रतीत नव्हतंच म्हणा ना.

चित्राचा आकार ४:३च ठेवलाय, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. हे बरोबरच केलंय. फ्रेमच्या कडेला दिवे आणि सेटची टोकं येतात, आणि रुंद करायचं तर वरखाली कापावं लागलं असतं. हिशेब मात्र आधी करून ठेवा. ४३ इंची टीव्हीवर प्रत्यक्ष चित्र सुमारे ३५ इंची पडतं, ५५ इंचीवर सुमारे ४५. टीव्हीवर चित्राचं माप ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ ठेवा. ‘वाइड’ लागलेलं असेल तर पिकार्ड जाडा दिसेल आणि जहाज चपटं. प्लेअरमध्ये २४ फ्रेमचं आउटपुट चालू करा. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद करा. चित्रात दिसतात ते फिल्मचे दाणे आहेत, घाण नव्हे. ते पुसायला गेलात तर चेहरे मेणाचे होतात आणि ज्यासाठी पैसे दिले तेच जातं.

आवाजात सगळ्यात जास्त लोक अडकतात. मुख्य ट्रॅक डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ७.१ (आठ चॅनेलचा सराउंड आवाज) आहे, सोबत जुना स्टिरिओही आहे. अनेक टीव्ही डीटीएस आवाज साउंडबारकडे पुढे पाठवतच नाहीत. प्लेअर टीव्हीला, टीव्ही साउंडबारला अशी जोडणी असेल तर चित्र येतं आणि आवाज येत नाही. मग लोक डिस्क खराब म्हणून परत पाठवतात. डिस्क ठीक असते. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बिटस्ट्रीमऐवजी पीसीएम निवडा, किंवा प्लेअर थेट साउंडबारच्या किंवा रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडा. टीव्हीतून साउंडबारकडे आवाज परत पाठवणारी साधी एआरसी जोडणी असेल तर ७.१ पूर्ण गुणवत्तेत जाणार नाही, त्याला ईएआरसी लागतं. दोनच स्पीकर असतील तर स्टिरिओ ट्रॅक लावा, संवाद अधिक मोकळे ऐकू येतात. आणि रात्री पाहणार असाल तर सावध : जोनो शोक करताना जो एकसुरी टिपेचा आवाज काढतो तो कानात घुसतो, त्यानंतर त्याचं टॅलेरियन संगीत ढणढणतं. शेजारी येतील. प्लेअरमध्ये ‘नाइट मोड’ असतो, तो याच भागासाठी असावा.

सबटायटल इंग्रजीत आहेत आणि इतर काही भाषांत. मराठी किंवा हिंदी नाही, त्या भाषांत डबिंगही नाही. घरातल्या आजीआजोबांना बरोबर बसवणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.

पूरक सामग्रीत कुटुंब या विषयावरचा दोन भागांचा माहितीपट आहे आणि तो या सीझनला शोभतो. कला विभागाच्या मंडळींची गप्पांची बैठक आहे, ती मॉडेल आणि सेट कसे उभे राहिले यात रस असणाऱ्यांनी चुकवू नये. वगळलेले प्रसंग, चुकलेल्या टेकची गमतीशीर जुळणी आणि प्रत्येक भागाची मूळ प्रसारणाची जाहिरात आहे. समालोचन ट्रॅक मात्र ‘ब्रदर्स’ आणि ‘रियुनियन’ या दोनच भागांना. ‘सडनली ह्यूमन’ला नाही. ज्या भागावर लेखकांना दोन प्रश्न विचारायचे होते, नेमका तोच सुटला.

घेताना काय पाहायचं. एक, हा सीझन अर्ध्यातून सुरू होतो आणि अर्ध्यात संपतो. ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चा पहिला भाग तिसऱ्या सीझनच्या संचात आहे, ‘रिडेम्प्शन’चा दुसरा पाचव्यात. दोन्ही कथा सलग जोडून वेगवेगळ्या डिस्कवरही निघाल्यात, पण तिसरा आणि पाचवा घेणार असाल तर त्या डिस्क कशाला? दोन, पाठीवरचं रिजन अक्षर, म्हणजे डिस्क कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालते ते सांगणारं अक्षर, बघा. भारत ‘सी’ मध्ये मोडतो, अमेरिका ‘ए’ मध्ये, ब्रिटन ‘बी’ मध्ये. विकणाऱ्याने खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो दिला नसेल तर मागून घ्या. तीन, ही ब्लू-रे आहे. साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ चालतो, ड्राइव्ह नसलेला अर्थातच नाही. चार, जुना वापरलेला संच घेताना डिस्क उजेडात तिरपी धरून पाहा आणि पहिली डिस्क सुरुवातीलाच लावा, कारण सगळ्यात जास्त फिरलेली तीच असते. पाच, पहिला सीझनही जुन्या बाजारातून घेणार असाल तर २०१२मधल्या पहिल्या खेपेच्या काही डिस्कमध्ये ७.१चे चॅनेल चुकीच्या जागी गेले होते आणि कंपनीने त्या बदलून दिल्या होत्या, तेव्हा विकणाऱ्याला विचारा. चौथ्यात ती भानगड नाही.

स्ट्रीमिंगवर हीच नवी प्रत दिसते, पण कोणत्या ॲपवर ते बदलत राहतं, आणि अंधाऱ्या दृश्यांत इंटरनेटवरून येणारा डेटा कमी पडला की काळ्या भागात चौकोन उमटतात. या सीझनमध्ये अंतराळाची काळी पार्श्वभूमी किती वेळ आहे ते पाहता हा फरक छोटा नाही. फक्त ‘सडनली ह्यूमन’ एकदा बघायचा असेल तर स्ट्रीमिंग पुरे, त्या एका भागासाठी सहा डिस्क घेऊ नका. सीझन घेणार असाल तर मात्र पहिल्या डिस्कवरचे पहिले चार भाग क्रमानेच बघा, मध्येच जोनोवर उडी मारू नका. ‘फॅमिली’मधले वर्फचे आईबाप डोक्यात ताजे असले, की चौथ्या भागात वर्फ जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रण कक्षात, गप्प उभा असतो तेव्हा लक्ष पडद्यावरच्या एंडारकडे कमी आणि मागच्या वर्फकडे जास्त जातं.