अथणीतलं मटणाचं दुकान: आधी मेंढराची जात विचारा, मग भांडं ठरवा

कर्नाटकातल्या अथणीच्या पेठेत मागच्या गल्लीला हे दुकान आहे. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी. माझी खानावळ आहे आणि मटण बरीच वर्षं इथूनच येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथली मोठी गोष्ट म्हणजे बकरं कुठलं हे दुकानदार मामा न विचारता सांगतात. जतकडून आलेलं माडग्याळ, धनगरांच्या कळपातलं काळं दख्खनी, की दोन्हींचं क्रॉस, म्हणजे संकर. या दोन्ही मेंढरांच्या जाती; आमच्याकडे बकरं म्हणजे मेंढरूच. कोकरं झपाट्यानं वाढतात म्हणून दख्खनी कळपात माडग्याळ नर सोडायची रीत हल्ली वाढली आहे. गिऱ्हाइकाला वाटतं, मटण ते मटण. तसं नाही. माडग्याळ मोठ्या चणीची जात. तिचं रक्त आलं की बकरं वजनाला दख्खनीइतकं दिसलं तरी अजून हाडामांसाच्या वाढीतच असतं, चरबी त्याला उशिरा चढते. दख्खनी तेवढ्या वजनाला भरत आलेलं असतं. माझी मुलगी बिदरला पशुवैद्यकी शिकते. ती सांगते, परदेशात गोमांसाचाही हाच हिशेब: शारोले जातीच्या वळूचा संकर केला तर मांस कमी चरबीचं निघतं, जपानी वाग्यूचा केला तर चरबी थेट मांसाच्या धाग्यांत शिरते, आणि तिच्यात ओलेइक आम्ल जास्त असल्यानं ती लवकर वितळते.

मामा गुर्दा दाखवतात, तो नीट बघा. भरलेल्या दख्खनीचा गुर्दा पांढऱ्या चरबीत पूर्ण बुडालेला असतो, बोटानं उकरावा लागतो. क्रॉसचा अर्धा तरी उघडा, लालसर दिसतो. एकदा ते म्हणाले, "अक्का, आज क्रॉस आहे. रश्श्याला नको, खिमा नाहीतर सुकं करा." बरोबरच होतं. सुक्क्याला तेल आपण घालतोच. तांबड्या रश्श्याला मात्र मी दख्खनीचा फरा आणि नळ्या घेते; चव हाडातनं आणि चरबीतनं उतरते. वाढताना तेवढं जपायचं: मेंढीच्या चरबीत स्टिअरिक आम्ल, म्हणजे लवकर थिजणारा अंश, भरपूर; वाटी निवली की कडेला पांढरा थर धरतो आणि टाळूला चिकटतो. रस्सा कढत असतानाच वाढा.

वासाचं म्हणाल तर तो जातीपेक्षा वयाचा आणि नराचा. थोराड, खच्ची न केलेल्या नराच्या चरबीला उग्र वास येतोच, कितीही आलं-लसूण लावा. पूर्वी दुसऱ्या एका दुकानात कोवळं म्हणून जून मेंढी गळ्यात मारायचे, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली वातड. इथं तसं कधी झालं नाही.

उणं सांगायचं तर दर इतरांपेक्षा थोडा चढा आहे, आणि तासताना चरबी वेगळी काढा म्हणून आपणच बजावावं लागतं, नाहीतर ती वजनात येते. रविवारी कामाला आलेला पोरगा घाईत तुकडे लहानमोठे करतो, मग लहान विरघळतात आणि मोठे कच्चे राहतात. मामांनी हे मनावर घ्यावं, कारण माल खरंच चांगला आहे.

बोकडाचं हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. कलेजी उशिरा गेलात तर मिळत नाही.