पारी/जीपी : मोठ्या पूर्णांकाची झडती घेणारी आज्ञावली

मोठ्या पूर्णांकांचे अवयव पाडणारी मोफत साधने पुष्कळ आहेत. परंतु एखादी संख्या मूळ आहे असे सिद्ध होणे आणि ती मूळ असावी असे वाटणे, यांतील फरक जपणारी थोडीच. फ्रान्समधील बोर्दो येथे आँरी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली पारी/जीपी ही मुक्त आज्ञावली त्या थोड्यांपैकी एक आहे.

पारखण्यासाठी मी २^६७ − १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या निवडली. गणिती मर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ संख्यांमध्ये गणली होती, १८७६ मध्ये गणिती ल्यूकाने अवयव न शोधताच ती संयुक्त असल्याचे दाखवले, आणि प्रत्यक्ष अवयव १९०३ मध्ये गणिती कोल यांनी मांडले. ‘फॅक्टर’ ही आज्ञा देताच १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव आपापल्या घातांकांसह दोन स्तंभांत क्षणार्धात उमटतात. विभाजक चारच असून त्यांची बेरीज १४७५७३९५३३५१७०८३७७९३६ येते. दोन्ही अवयवांतून १ वजा केल्यास उरलेल्या संख्येला ६७ ने नि:शेष भाग जातो, ही गोष्टही पडताळून पाहण्याजोगी आहे.

ही संख्या निवडण्यामागे हेतू होता. तिने भागले असता २^६७ ची बाकी १ उरते आणि तिच्यातून १ वजा केल्यास ६७ ने भाग जातो. त्यामुळे २ हा पाया धरून केलेल्या फर्माच्या चाचणीत (२ चा, संख्येहून एकने लहान असलेला घात त्या संख्येने भागल्यास बाकी १ उरते का, हे पाहणाऱ्या) ती मूळ संख्येसारखीच वागते, आणि त्याहून कडक अशा मिलर-राबिन चाचणीतही २ या पायावर ती सहीसलामत सुटते. केवळ या पायावर विसंबणारे साधन येथे हमखास फसेल. पारीची ‘इजस्यूडोप्राइम’ ही आज्ञा मात्र त्या चाचणीला ल्यूका चाचणी या वेगळ्या धर्तीच्या चाचणीची जोड देते आणि शून्य, म्हणजे ‘मूळ नाही’, असे स्वच्छ उत्तर देते. ज्याने ही संख्या प्रथम उघडी पाडली त्याच्याच नावाची चाचणी आजही कामी येते, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

दिसायला हे साधन अगदी रूक्ष आहे. आज्ञा टंकित कराव्यात आणि अडल्यास प्रश्नचिन्ह देऊन मदत मागावी, एवढाच त्याचा थाट. शंभराहून अधिक अंकी संख्या जवळपास सारख्या आकाराच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असेल, तर येथे ताटकळत बसण्यापेक्षा कॅडो-एनएफएससारखी खास त्यासाठीच बनवलेली आज्ञावली वापरणे शहाणपणाचे.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ‘इजप्राइम’ ही आज्ञा सिद्धतेनिशी उत्तर देत असली, तरी ‘फॅक्टर’ने दिलेले मोठे अवयव एरवी केवळ संभाव्य मूळ (चाचणीत उतरलेले, पण सिद्ध न झालेले) असतात, कारण अवयव सिद्ध करून घ्यायचे की नाही हे ठरवणारी ‘फॅक्टर_प्रूव्हन’ ही मांडणी सुरुवातीला ० असते. २^६४ पर्यंत ही जोडचाचणी चुकत नाही हे तपासले गेले आहे, म्हणून वरील दोन्ही अवयव नि:संशय मूळ आहेत. पण त्यापलीकडच्या अवयवांसाठी ही मांडणी १ करून घ्यावी, आणि ती मांडणीच्या फाइलीत एकदाच लिहून ठेवली की दरवेळी आठवण ठेवावी लागत नाही.