नौपाड्यातील सशुल्क व्याख्यान : गव्हर्नर ह्यूई लाँग

गेल्या शनिवारी नौपाड्यातील एका छोट्या सभागृहात २५० रुपयांचे तिकीट काढून अमेरिकेतील लुईझियाना राज्याचा गव्हर्नर ह्यूई लाँग याच्यावरील दोन तासांचे व्याख्यान ऐकले. जानेवारीच्या थंडीत सरस्वती शाळेच्या पटांगणावर म्हाळगी व्याख्यानमाला फुकट ऐकत आलेल्या ठाणेकराला ही रक्कम सहजी पचत नाही.

पहिला दोष शब्दाचा. वक्ते संपूर्ण वेळ ‘राज्यपाल’ म्हणत राहिले, त्यामुळे शेजारच्या आजोबांनी मला हळूच विचारले, “अहो, राज्यपाल मोफत पाठ्यपुस्तके कोणत्या अधिकारात देतात?” शंका रास्त होती, कारण तिकडचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो आणि आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार हाकतो. १९२८ मध्ये सत्तेवर आलेल्या लाँगने पुस्तके, रस्ते आणि पूल यांचा धडाका लावला, तो याच अधिकारावर.

व्याख्यानाचा सर्वोत्तम भाग १९२९ च्या महाभियोगाचा होता. शुद्ध होणाऱ्या तेलाच्या प्रत्येक पिंपामागे ५ सेंट कर लावण्याचा घाट घातल्याने बलाढ्य तेल कंपनी व विधिमंडळातील विरोधक त्याच्यावर उलटले. लाचखोरीपासून अनेक आरोप ठेवले गेले, आणि ते सगळेच निराधार नव्हते. वक्त्यांनी फळ्यावर ३९, २६ आणि १५ असे तीन आकडे लिहिले : राज्याच्या सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य ३९, दोषी ठरवण्यासाठी लागणारी मते २६, आणि काहीही झाले तरी दोषी ठरवणार नाही असे आधीच लिहून देणारे सदस्य १५. वजाबाकी श्रोत्यांनीच केली आणि सभागृहात हशा पिकला.

त्यानंतर मात्र पायजम्याने वेळ खाल्ला. १९३० मध्ये भेटीला आलेल्या जर्मन युद्धनौकेच्या कप्तानाचे लाँगने हिरव्या पायजम्यात स्वागत केले आणि दुसऱ्या दिवशी उसने कपडे चढवून, जहाजावर जाऊन माफी मागितली. किस्सा झकास आहे, पण त्याला वीस मिनिटे? सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षासाठी कापून घेतल्या जाणाऱ्या पैशांची ती प्रसिद्ध पेटी मात्र दोन वाक्यांत उरकली. वॉशिंग्टनमधील देशाच्या सिनेटवर निवडून येऊनही, उपगव्हर्नराच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून, तो १९३२ पर्यंत गव्हर्नरच्या खुर्चीला चिकटून राहिला, हेही ओझरतेच आले. माझ्या मते माणूस कळतो तो या दोन गोष्टींतून.

त्यानेच बांधून घेतलेल्या ३४ मजली विधानभवनाचे छायाचित्र खिडक्यांचे पडदे न ओढल्यामुळे पांढुरके दिसले. याच इमारतीत ८ सप्टेंबर १९३५ रोजी त्याच्यावर गोळी झाडली गेली, दोन दिवसांनी वयाच्या ४२ व्या वर्षी तो वारला आणि तिच्यासमोरच त्याला पुरण्यात आले. हा भाग वक्त्यांनी आवाज न चढवता सांगितला, ते बरे वाटले.

प्रश्नोत्तरे झालीच नाहीत, कारण सभागृह रिकामे करायचे होते. तिकिटात चहा आणि बटाटावडा होता, तो गरम होता. पुढच्या महिन्याचे तिकीट मी घेतले आहे, मात्र प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवण्याची विनंती आयोजकांकडे लेखी दिली आहे.