डकटेल्स खेळायचंय? मग ‘९९९९ इन १’ कॅसेट घेऊ नका

‘जुने कार्टूनचे गेम आहेत का’ असं विचारलं की कोल्हापुरात महाद्वार रोडला काय नि राजारामपुरीत काय, काउंटरवर दोनच वस्तू येतात. एक म्हणजे कॅसेटवाला डबा. वायरीचे दोन रिमोट, पिवळी-पांढरी पिन आणि सोबत फुकट ‘९९९९ इन १’ कॅसेट. दुसरी टीव्हीच्या मागे खुपसायची एचडीएमआय स्टिक, दोन बिनवायरीचे रिमोट आणि खोक्यावर ‘१०,००० गेम’. रविवारी सकाळी दूरदर्शनवर डकटेल्स, टेलस्पिन बघितलेल्या माणसानं यातलं काय उचलावं?

आधी त्या फुकटच्या कॅसेटचं बघू. मेन्यूत खाली सरकत जा, काही पानांनंतर तेच गेम नाव बदलून, लेव्हल बदलून परत येतात. कार्टून त्यात शोधूनही सापडत नाहीत, त्याला कारण आहे. या स्वस्त कॅसेटमधले बहुतेक गेम ४० केबीच्या आतले असतात: ३२ प्रोग्रॅमचे, ८ चित्रांचे. कॅपकॉम कंपनीचा १९८९ चा डकटेल्स १२८ केबीचा. त्याला कॅसेटमध्येच मेमरीचे तुकडे आलटून-पालटून जोडणारं सर्किट लागतं, शिवाय चित्रांसाठी वेगळी रॅम. चिप अँड डेल (१९९०) तर २५६ केबीचा. अपवाद पॉपायचा. जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉमसोबतच (म्हणजे हे डबे ज्याची नक्कल आहेत त्या जपानी मशीनसोबतच) बाजारात आलेला हा गेम २४ केबीत बसतो, म्हणून तो अशा कॅसेटमध्ये हमखास भेटतो. बाकी कार्टूनसाठी सिंगल, म्हणजे एकाच गेमची कॅसेट मागा आणि दुकानातच लावून बघा. स्टिकरवर डकटेल्सचा नायक अंकल स्क्रूज नि आत भलताच गेम, हा प्रकार नेहमीचा आहे.

डबा घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, कॅसेटची खाच ६० पिनांची हवी. परदेशातून आलेली ७२ पिनांची कॅसेट कन्व्हर्टरशिवाय बसत नाही. दुसरी, दुसऱ्या रिमोटची सगळी बटणं. चिप अँड डेलची खरी मजा दोघांनी खेळण्यातच आहे (जोडीदाराला उचलून फेकता येतं, त्यावरून घरात भांडणं होणारच). तिसरी, अडॅप्टर. डब्याच्या बुडाशी व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण असते, ती अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळवा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडचा कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका. पिन बसली तरी ध्रुव उलटे असले तर आतला रेग्युलेटर किंवा चिप जाते.

आपल्याकडचे बरेच डबे पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. मूळ जपानी-अमेरिकी गेम ६० साठी लिहिलेले. त्यामुळे गेम साधारण १७ टक्के संथ चालतो नि संगीतही रेंगाळतं. डकटेल्समधल्या चंद्राच्या लेव्हलची धून यूट्यूबवर ऐकून ‘ही एवढी घाईत का?’ असं वाटलं, तर घाईत ती नाही, आपला डबाच निवांत होता.

हा वेग स्टिकवर मूळचा मिळतो, पण तिथं दुखणं वेगळं. डकटेल्समध्ये सगळा जीव काठीवरच्या उडीत आहे. आधी ए दाबून उडी, हवेत असतानाच खाली आणि बी एकदम दाबून धरायचं, म्हणजे स्क्रूज काठीवर टणाटण उडायला लागतो. खाली दाबायला क्षणभर उशीर झाला की तो पायावर उतरतो आणि शत्रूला धडकतो. बिनवायरीचा रिमोट, एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं स्टिकमधलं सॉफ्टवेअर) आणि टीव्हीची चित्रप्रक्रिया या तिघांचा उशीर मिळून नेमका तिथंच घात करतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा, बराच फरक पडतो. शिवाय ‘वाइड’ काढून ४:३ ठेवा, नाहीतर स्क्रूजही पोट सुटल्यासारखा दिसतो.

हिमालयाच्या लेव्हलमध्ये ही काठी बर्फात रुतते. तो रिमोटचा दोष नाही, गेमच तसा आहे. आफ्रिकेच्या खाणीत दार उघडेना म्हणून कॅसेट बदलायला धावू नका. किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात आहे. पासवर्ड नाही, सेव्ह नाही. पाचही लेव्हल एका बैठकीत, आणि मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. इथं मात्र स्टिक जिंकते, कुठंही सेव्ह करता येतं. कोनामी कंपनीच्या १९८९ च्या निन्जा टर्टल्ससाठी तर ती सोय हवीच. धरणाखाली २ मिनिटं २० सेकंदांत ८ बॉम्ब निकामी करायचे, आजूबाजूला वीज मारणारं शेवाळ. निम्मे गडी तिथंच गेम सोडतात. जमिनीवर असताना चार कासवांपैकी डोनाटेलो वापरा, त्याची काठी सगळ्यात लांब पोचते.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. जुन्या टीव्हीत तिथं ५०० मिलिअँपिअरच मिळतात, गेम मध्येच बंद पडून परत सुरू होतो. मोबाईलचा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर लावा. आतलं मेमरी कार्ड हलक्या प्रतीचं असतं, म्हणून पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर त्याची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल काढून ठेवा. कार्ड लावल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारतं. नाही म्हणा. त्यातला एखादा भाग लिनक्सचा असतो, तो विंडोजला वाचता येत नाही एवढंच. हो म्हटलं की दहा हजार गेम एका क्लिकमध्ये गायब.

घरी जुना डबा टीव्ही चालू असेल तर कॅसेटवालाच घ्या, बटण आणि उडी यांच्यात अंतरच राहत नाही. त्यावरची ती काठीची उडी म्हणजे नाद खुळा! फक्त एलईडी टीव्ही असेल तर स्टिक बरी. एलईडीला पिवळी पिन लावली तर टीव्ही चित्राच्या ओळी चुकीच्या जोडतो, उशीर होतो तो वेगळाच. मार खाल्ल्यावर स्क्रूज लुकलुकतो ना, तेव्हा तो काही टीव्हींवर दिसेनासाच होतो.

कॅसेट चालेना झाली तर फुंकर मारू नका. तोंडातली ओल पिनांवर बसते, आणि पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढलेलं असताना हवेतच काय कमी ओल असते! मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानकोरणीच्या कापसावर दोन थेंब घ्या, पिना उभ्या दिशेनं पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. तरीही पडद्यावर चौकटीच दिसल्या तर कॅसेट पूर्ण दाबून मग केसभर वर ओढून बघा. तेवढ्यानं चालली तर कॅसेट चांगली आहे, डब्याच्या खाचेतल्या पट्ट्या सैल झाल्यात.